गादीला सुतक नसतं

नलू, तुला न विचारता मी तुझ्या मुलाला फोन केला. तू नको म्हणून बजावलं होतंस, माझा हात दाबून पुन्हा पुन्हा बजावलं होतंस, आणि मी मान हलवली होती. पण मी मान हलवली म्हणजे कबूल झाले असं नसतं, हे इतक्या वर्षांत तुला कळायला हवं होतं. तू गेलीस त्या सकाळी तुझे डोळे मिटले, तोंडात नर्मदेचं पाणी घातलं, शेजारच्या मेश्राम वहिनींना हाक मारली आणि लगेच हे काम केलं. राग आला असेल तर ये आणि भांड. मी इथेच आहे, जबलपुरात, आपल्या कांचघर मोहल्ल्यात, आपल्या दोघींच्या खोल्यांमधलं दार उघडं ठेवून.

या दिवसांत लोक येऊन बसतात आणि तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात. राइट टाउनच्या ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात तू नाव नोंदवायच्या खिडकीत बसायचीस, तिथल्या दोन नर्स आल्या होत्या. म्हणाल्या, "दीदी पेशंटला ‘बसावं’ म्हणायच्या, की माणूस आपोआप ताठ बसायचा." मी मनात हसले. त्यांना काय माहीत की ही बाई कधीकाळी राणी होती, आणि ‘बसावं’ हा एवढा एकच शब्द तिथून घेऊन आली होती.

तुझ्या लग्नाची गोष्ट सांगितली तर कोणाला खरी वाटत नाही. काका, म्हणजे तुझे बाबा, फॅक्टरीत चार्जमन, कामगारांवर देखरेख करणारे. भोंगा वाजला की सायकलवर टांग टाकून निघणारे. पण माळव्यातल्या एका लहानशा मराठा संस्थानाच्या गादीचे खरे वारस आपले आजोबा होते, असं त्यांचं म्हणणं. खरा दत्तक कोणता आणि खोटा कोणता यावरून दोन शाखा पिढ्यानपिढ्या कोर्टात भांडत होत्या. राज्य विलीन झालं, तनखे बंद झाले, गादी नुसती दसऱ्याला मुजरे घेण्यापुरती उरली, तरी खटला आपला चालूच. शेवटी दोन्हीकडची म्हातारी माणसं थकली आणि कुणीतरी तोड काढली. त्यांचा दत्तक मूळचा दुसऱ्या कुळातला, तेव्हा सोयरीक चालत होती; या शाखेची मुलगी त्या शाखेच्या राजाला द्यायची, म्हणजे दोन्ही रक्तं एकाच पोटी येतील आणि वादच संपेल. ती मुलगी तू. एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, माझ्याबरोबर सदर बाजारात जाऊन खोव्याची जलेबी खाणारी आणि पाक माझ्या ओढणीला पुसणारी.

तुला कोणी विचारलं तरी का, असं मी तुला कितीदा तरी म्हटलं. "बाबांनी विचारलं ना," तू म्हणायचीस. "म्हणाले, नलू, तू हो म्हटलं तर एवढ्या वर्षांचं भांडण मिटते. असं विचारल्यावर कोण नाही म्हणते, सांग?" काकांचा राग करावा तर ते तुझ्यावर जीव टाकणारे. त्यांना वाटलं, आपली मुलगी राणी होते आहे.

आणि वर म्हणून आली कोण, तर तलवार! त्या घराण्याचा राजा मुलीच्या दारी जात नाही, आपला खांडा पाठवतो, ही रीत. किनखापात गुंडाळलेला खांडा जीपमधून आपल्या क्वार्टरांच्या गल्लीत उतरला. त्याच्यावर छत्र धरलेलं, मागे फेटेवाले कारभारी, आणि बघायला सगळी शिफ्ट सुटून आलेली. तू त्या तलवारीला हार घातलास. मी तुझ्या कानात म्हटलं, "जीजाजी लयच दुबले आहेत वं!" तुला हसू आवरेना, ठसका लागला आणि काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. सासरी जाताना आगगाडीत खांड्याला स्वतंत्र बर्थ होता, खालचा, खिडकीजवळचा. टी.सी.ने विचारलं, "ये सीट किसकी है?" कारभारी म्हणाले, "महाराज की." टी.सी.ने एकदा तलवारीकडे बघितलं, एकदा कारभाऱ्यांच्या मिशांकडे, आणि मुकाट पुढे गेला.

हे तू मला सांगितलंस तेव्हा आपण पोट धरधरून हसलो होतो. परवा ते आठवलं आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. एवढा लांबचा प्रवास, बोलायला कोणी नाही, आणि समोरच्या बर्थवर नवरा म्हणून एक लोखंड निजलेलं. तू तेव्हा काय विचार करत होतीस, ते मी विचारलंच नाही.

तिथे तुझं नाव हेमलताराजे झालं. "हाक मारणारंच कोणी नव्हतं, मग नाव कोणतं का असेना," तू म्हणायचीस. सकाळी थोरल्या आईसाहेबांना, म्हणजे सासूबाईंना, मुजरा करायचा आणि त्यांनी नजर वर करेपर्यंत वाकून राहायचं. त्या पोथी वाचत असल्या की अध्याय संपेपर्यंत तू वाकलेलीच. घरात गोषा कडक. खिडक्यांना चिकाचे पडदे, मोटारीलाही पडदे, बागेत जायचं तर आधी माळ्यांना बाहेर काढायचं. दागिने सणाला जामदारखान्यातून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. भाड्याच्या सायकलसारखं, असं तूच म्हणायचीस. नवरा वाईट नव्हता, हेही तूच सांगायचीस. तो आपल्या खोलीत पीत बसायचा आणि तुला ‘आपण’ म्हणायचा. एकदा त्याने विचारलं होतं, जबलपूरला थंडी कशी पडते. त्याच तुमच्या संसारातल्या सगळ्यात मोठ्या गप्पा.

मला या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू मजेत असशील. तुला पाचवा महिना लागला होता तेव्हा काका गेले. फॅक्टरीतून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी मान टाकली. मी तेव्हा टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते. तार मीच केली. मग आम्ही स्टेशनवर तुझी वाट बघत राहिलो, आणि तू आली नाहीस. काकूंनी तुला दोष दिला नाही. मी मात्र तुझा असा राग केला की तुझं नावसुद्धा घेईना.

सातव्या महिन्यात तुझ्या डोहाळजेवणाला माहेरचं माणूस म्हणून मला पाठवलं, कारण काकू विधवा, त्यांना बोलावणंच नव्हतं. मी भांडायच्या तयारीने आले होते. तुझ्याभोवती सारख्या दासी. शेवटी तू मला नवी साडी नेसवायच्या निमित्ताने न्हाणीघरात नेलंस, आतून कडी लावलीस आणि नळ पूर्ण सोडलास.

"काहून नाही आली?" मी विचारलं. "काकू तुझी वाट पाहून राहिल्या होत्या."

"येऊ दिलं नाही. रडूही नाही दिलं, कुमुद. तार आली त्याच दिवशी मला शालू नेसवला, हिरव्या बांगड्या भरल्या आन हळदीकुंकवाला बसवलं."

"काय बोलून राहिली तू? तुझे बाबा गेले आन..."

"त्या म्हणाल्या, तुमच्या पोटात गादी आहे. गादीला सुतक नसतं."

त्या दिवशी मला त्या घरचा कायदा कळला. गादी एक दिवसही अपवित्र होता कामा नये. म्हणून तिच्यावर बसलेल्या माणसाला कुणाचं सुतक लागत नाही. तो स्मशानात जात नाही, सुतकातल्या माणसाला शिवत नाही, त्यांच्या घरचं पाणी पीत नाही. आई मरो, बाप मरो. आणि तुझ्या पोटातल्या साडेचार महिन्यांच्या जिवालाही तो कायदा लागू होता, म्हणून तुलाही. मी भांडण विसरले. तुला धरून उभी राहिले, तुझं पोट मध्ये येत होतं, आणि नळ चालू होता तोवर तू रडून घेतलंस. मग तोंड धुतलंस आणि बाहेर जाऊन ओटी भरून घेतलीस. त्या दिवशी तू फार सुंदर दिसत होतीस आणि मला ते बघवत नव्हतं.

मुलगा झाला. दोन्ही रक्तं एका पोटी आली, खटला मिटला. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील पिऊन पिऊन गेले. प्रेत हलवायच्या आत पोराला अंघोळ घातली, जरीचा फेटा बांधला आणि गादीवर बसवलं. लोकांनी आधी त्याला मुजरा केला आणि मग बापाला खांदा दिला. तुला सुतक, त्याला नाही. म्हणून तेरा दिवस तू मागच्या खोलीत आणि तो पुढच्या सदरेत. एक दिवस तुला राहवलं नाही. मागच्या जिन्याने तू त्याच्याकडे गेलीस. तो पाटावर बसून दूध पीत होता. तू हात पुढे केलेस, तसा तो मागे सरकला आणि म्हणाला, "आईसाहेब, शिवू नका. आम्हाला सुतक नाही."

हे तू मला आयुष्यात एकदाच सांगितलंस. गच्चीवर पापड वाळत घालत होतो तेव्हा. मी चिडून म्हटलं, "त्याला पढवलं होतं ना वं! सहा वर्षांचं पोरगं ते!"

"हो ना," तू म्हणालीस. "पाठांतर चांगलं होतं त्याचं." आणि पुढचा पापड उलटलास.

मला तेव्हा तुझी भीती वाटली होती, नलू. रडली असतीस तर मला काहीतरी करता आलं असतं.

सुतक संपल्यावर तू महिन्याभरासाठी म्हणून माहेरी आलीस ती कायमचीच. मुलाला बोर्डिंगात घातलं. राजे शाळेत आहेत, आपण परतण्याची घाई करू नये, असा निरोप आला, आणि तू घाई केली नाहीस. तू निघून आलीस की तुला घालवलं, हा आपला जन्माचा वाद. मी म्हणायची, कोर्टात जा, आईचा हक्क आहे. तू म्हणायचीस, "एक खटला मिटवायला माझं लग्न लावलं. आता मी दुसरा उभा करू?" मी म्हणायची, "मग जाऊन राहा तिथं, मागच्या खोलीत का होईना, त्याच्या डोळ्यासमोर तर राहशील." तू म्हणायचीस, "चलो, चहा ठेव." तुझं हे ‘चलो’ म्हणजे वाद बरखास्त. दरबार उठला.

तू जायला हवं होतंस, असं मला आजही वाटतं. हे मी तू असताना एवढं स्पष्ट कधी म्हटलं नाही, कारण तू गेली असतीस तर मला कोण होतं? माझं लग्न जमलं नाही, भाऊ पुण्याला जाऊन तिकडचा झाला. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे पाय रोज तू चेपलेस. ज्या बाईचे पाय चेपायला दासी असायच्या, ती माझ्या आईच्या टाचांना खोबरेल लावत बसायची आणि वर तिच्या शिव्या खायची. मेश्राम वहिनींच्या मुलीला दहावीला इंग्रजी तू शिकवलंस. सणाला पुरणपोळी करायचीस आणि मला पहिली गरम खायला लावायचीस, उभ्या उभ्या, तव्याशेजारीच. तिथे सगळ्यांचं झाल्यावर गार जेवायची सवय लागली होती ना तुला, म्हणून गरम अन्नाचं तुला भारी अप्रूप. मी सुखात जगले, नलू, ते तुझ्यामुळे. आणि तुझं सुख कुठे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी ते तुला आणून देऊ शकले नाही.

खात्याने मला घरी फोन दिला होता. दिवाळीला मी एक्सचेंजवरून तुला लाइन जोडून द्यायची आणि नियम मोडून ऐकत राहायची. पलीकडून कारभारी. "सरकार अभ्यासाला बसले आहेत. निरोप पोचवतो." तू ‘बरं’ म्हणायचीस. पुढच्या दिवाळीला सरकार बाहेर गेलेले असायचे, त्याच्या पुढच्या दिवाळीला झोपलेले. तो मोठा झाल्यावर दसऱ्याला तुला पैठणी येऊ लागली, कारभाऱ्यांच्या हस्ते, ‘आईसाहेबांना मुजरा’ या निरोपासकट. तू त्या कधी नेसली नाहीस आणि कुणाला दिल्याही नाहीस.

त्याच्या लग्नाला मात्र बोलावणं आलं. आपण दोघी गेलो. तुला मागच्या रांगेत बसवलं, कारण विधवा. फोटोवाल्यासमोर तो तुझ्या पाया पडला आणि तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास, फेट्यावरच. सूनही अशीच कुठल्याशा घराण्यातली, ठरवून आणलेली, मान खाली घालून बसलेली. तू तिच्या जवळ गेलीस आणि कानात काहीतरी सांगितलंस. तिने चमकून वर बघितलं होतं. काय सांगितलंस ते परतीच्या गाडीत मी खोदून खोदून विचारलं, पण तू दाद दिली नाहीस. आता ते मला कधी कळणार नाही.

मग हे तुझं हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ आपल्या दोघींना कळला होता. तुला बसल्याशिवाय श्वास येत नव्हता. मी उशा रचून द्यायची आणि तू त्यांना टेकून मला आमटीत गूळ किती घालायचा ते सांगायचीस. एका दुपारी मी विषय काढला.

"मी त्याला फोन लावते."

"नको."

"काहून नको? पोटचा पोरगा आहे तुझा."

"लावला आन तो नाही आला तर?" तू दम खाऊन म्हणालीस. "मग मला माहीत होऊन जाईल, कुमुद. आता निदान माहीत तर नाही."

"आन आला तर?"

तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मला खोलीतून उठून जावंसं वाटलं. मग माझा हात दाबलास. "नको करू. मी गेल्यावरही लगेच नको, सगळं आटोपलं की सांग. राजाला तसंही येता येत नाही, मग त्याचाही दोष राहणार नाही." त्याचा दोष राहू नये याची तुला मरताना काळजी! मी मान हलवली खरी, पण मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तुला ऐकू गेलंच असेल. हा वाद तिथेच राहिला, कारण दुसऱ्या दिवसापासून तू बोलेनाशी झालीस, आणि त्यानंतर फार दिवस नव्हते.

तू म्हटलंस तसंच केलं मी एका परीने. तू गेल्यावरच सांगितलं. फोन कारभाऱ्यांनी घेतला, म्हणजे जुन्या कारभाऱ्यांच्या चिरंजिवांनी. त्यांनी मला धरून ठेवायला सांगितलं, आत जाऊन आले आणि म्हणाले, "फार वाईट झालं. राजेसाहेब निघत आहेत. पण आपण त्यांच्यासाठी थांबू नये. राजेसाहेब स्मशानात येत नाहीत, आपल्याला कल्पना असेलच." मी म्हटलं, "आहे ना. चांगली आहे."

ग्वारीघाटला तुला अग्नी मी दिला. पंडितजी कुरकुरले, "दीदी, घर में कोई पुरुष नहीं है क्या?" मेश्राम भाऊ म्हणाले, "है पंडितजी. मगर वो राजा है." पंडितजींना ती थट्टा वाटली. मी नर्मदेत बुडी मारली तेव्हा कुठे मला पहिल्यांदा रडू फुटलं. काठावरच्या बायका फुलांचे दोणे विकत होत्या, त्यातल्या एकीने येऊन मला हात दिला आणि वर ओढलं.

अंधार पडल्यावर घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशी एक मोठी पांढरी मोटार. आपल्या गल्लीत ती शिरली नसावी. आणि दाराबाहेर, आपल्या तुळशीच्या डब्याशेजारी, तुझा मुलगा उभा. कानावरचे केस पांढरे झालेले, कपाळ थेट तुझं. मागे कारभारी, हातात पाण्याची सीलबंद बाटली घेऊन. मी त्याला ‘या’ म्हटलं नाही. मेश्राम वहिनी पिठलं-भात घेऊन आल्या होत्या, आपल्या चुलीला त्या दिवशी विस्तव लावायचा नव्हता म्हणून. त्यांना कोण राजा आणि कोण कारभारी काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "बसा ना भैया, उभे काहून राहिले?"

तो आत आला. तुझ्या रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि जमिनीवर बसला.

"मावशी, पाणी मिळेल?"

कारभाऱ्यांनी लगबगीने बाटलीचं बूच फिरवलं. "सरकार, आणलं आहे."

"इथलं."

"सरकार, हे सुतकाचं घर आहे..."

त्याने कारभाऱ्यांकडे बघितलंही नाही. मला सांगणं भाग होतं, म्हणून मी सांगितलं, "इथलं प्यायलात की तुम्हालाही पाळावं लागेल. तुमच्या गादीवर बसलेल्या कोणी आजवर पाळलेलं नाही."

"द्या," तो म्हणाला.

मी आपल्या माठातला तांब्या भरून दिला. त्याने सगळा संपवला. मग वहिनींनी सगळ्यांना वाढलं, त्यालाही वाढलं, आणि तो आमच्या पंगतीत बसून पिठलं-भात जेवला. भात त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला. रडला नाही. त्याला ते येत नसावं. कारभारी दारात उभे होते, बाटली हातात तशीच.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "मला आधी का नाही कळवलं?"

"तिने नको म्हटलं."

"का?"

मला त्याला वाचवायचं नव्हतं, नलू. "तुम्ही आला नाहीत तर, याची तिला भीती वाटत होती," मी म्हणाले.

तो हात न धुता बसून राहिला. बोटांवर पिठलं वाळलं होतं. मग म्हणाला, "खोटं कशाला बोलू, मावशी. नसतो आलो कदाचित. डॉक्टर पाठवला असता, कारभाऱ्यांना पाठवलं असतं. आज का आलो तेही मला सांगता येत नाही. गाडीत बसलो आणि मग उतरवेना."

म्हणजे तूच बरोबर होतीस. मी तेव्हाच फोन लावला असता, तर तू दारावर डोळे लावून गेली असतीस आणि दारातून कारभारी आले असते. पण समज, तो आला असता तर? एकदा तरी तुझ्या खाटेवर बसला असता तर? मी हे उलटसुलट करत बसते आणि कुठेच पोचत नाही. मला त्याचा रागही येतो, आणि त्याला भूक लागली असेल म्हणून मी उठतेही. ते दूध, तो पाट त्याला आठवतो का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ते तुझं आणि त्याचं आहे.

तो गेला नाही. कारभाऱ्यांसकट मोटार परत पाठवली. तुझ्या खोलीत सतरंजी टाकून झोपतो. सकाळी गार पाण्याने अंघोळ करतो आणि मेश्राम भाऊंचा पायजमा घालतो, तो त्याला आखूड होतो. त्याला साधा चहा करता येत नाही. परवा पातेलं जाळलं. तू सदरला कुठे बसायचीस, तुला काय आवडायचं, दवाखान्यात काय काम करायचीस, असं विचारत असतो. त्याच्या मराठीत मध्ये मध्ये हिंदी येतं आणि मधूनच एखादा शब्द थेट तुझ्या आवाजात येतो, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

काल कारभाऱ्यांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा चढला होता की शेजारी बसून मला सगळं ऐकू येत होतं. दोन दिवसांनी देवीची पूजा आहे, गादीवर कोणी बसलं नाही असं आजवर झालेलं नाही, मोटार पाठवू का?

"तेरावं झाल्यावर," तुझा मुलगा म्हणाला.

"पण सरकार, गादीला..."

त्याने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "माझी आई गेली आहे," तो म्हणाला.